विदर्भातल्या घरात चढती फिलोडेंड्रॉन: झडीपासून नवतप्यापर्यंत

आमच्या भागात घरातली वेल वर्षातून दोन वेळा दगावते. एकदा नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आसपास आणि दुसऱ्यांदा श्रावणाच्या झडीत. पहिल्या वेळी घरचे म्हणतात उन्हानं गेली, दुसऱ्या वेळी म्हणतात रोग पडला. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, आधी कवेलूच्या आणि आता स्लॅबच्या घरात, मी आठ वर्षांपासून फिलोडेंड्रॉन वाढवते आहे. गेलेल्या प्रत्येक वेलीची कुंडी मी उलटी करून मुळं पाहिली. जवळपास सगळ्या वेळी एकच चित्र होतं: मुळं काळी, लिबलिबीत, बोटानं ओढली की वरची साल हातात यायची. म्हणजे दोन्ही ऋतूंत मारलं ते पाण्यानं. उन्हाळ्यात आपण जीव तुटून जास्तीचं पाणी ओततो आणि पावसाळ्यात ओतायचं थांबवत नाही. हा लेख बराचसा त्या पाण्याबद्दल आहे, आणि दुसरं म्हणजे वेलीला चढायला काय द्यायचं त्याबद्दल.

आधी वेल ओळखा

शेजारच्या काकी माझी पहिली वेल पाहून म्हणाल्या होत्या, "हे त मनीप्लांटच आहे नं वो!" नर्सरीतही दोन्ही एकाच रांगेत ठेवलेले असतात. फरक असा पाहा. मनीप्लांटचं पान जाड, मेणचट असतं आणि त्याच्या देठाला वरच्या बाजूनं पन्हाळीसारखी खाच असते. हृदयाच्या आकाराच्या पानांच्या फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, मऊ आणि देठ गोलसर. सगळ्यात पक्की खूण नव्या पानाची. फिलोडेंड्रॉनचं कोवळं पान एका पातळ आवरणातून बाहेर येतं आणि ते आवरण नंतर सुकून गळतं. मनीप्लांटला असं वेगळं आवरण नसतं.

फिलोडेंड्रॉन मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, ओल्या जंगलांतली. ग्रीकमध्ये 'फिलो' म्हणजे प्रेम आणि 'डेंड्रॉन' म्हणजे झाड, कारण ती मोठ्या झाडांच्या बुंध्यांना बिलगून वर जाते. कुळ मात्र आपल्या ओळखीचं: अळू आणि सुरण ज्या कुळात, त्याच कुळातली ही. कच्च्या अळूनं घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच स्फटिक हिच्या पानांत, देठांत असतात. म्हणून घरात रांगतं मूल असेल किंवा शेळी ओसरीवर चढत असेल, तर कुंडी हाताला आणि तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. कुणी पान चावलंच तर तोंड पाण्यानं खळखळून धुवा. ओठ-जीभ सुजली किंवा गिळताना त्रास झाला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. छाटणी केल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

सुरुवात साध्या हिरव्या वेलीनं करा. नर्सरीत तिला बहुतेक 'ऑक्सीकार्डियम' म्हणतात. हात बसला की मग पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची ब्राझील, मखमली पानांची मायकन्स किंवा पोपटी पिवळी सिलोन गोल्डन आणा. झनाडू आणि सेलम ही झुडपासारखी वाढणारी, त्यांना काठी लावून उपयोग नाही. ऑनलाइन दिसणारी गुलाबी पानांची 'पिंक काँगो' घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. तो गुलाबी रंग वायूची प्रक्रिया करून आणलेला असतो आणि काही महिन्यांत नवी पानं हिरवी येऊ लागतात. पैसे मात्र गुलाबी रंगाचे गेलेले असतात.

जागा

हिला उजेड हवा, ऊन नको. दुपारी बारा वाजता दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येतं, ती जागा बरोबर. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तरी चालतं. उत्तरेच्या खिडकीत वेल जगते, वाढ सावकाश होते. पश्चिमेची खिडकी मार्चनंतर विसरा. तीन वाजताचं ऊन काचेतून आलं की दोन दिवसांत पानावर भाजल्यासारखे तपकिरी डाग पडतात, आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

जुन्या मातीच्या, कवेलूच्या घरात माजघर थंड राहायचं, पण अंधारं असायचं. तिथे एखादं कवेलू काढून काचेचं बसवलं असेल तर त्याखालची जागा या वेलीला फार मानवते. स्लॅबच्या घराची अडचण उलटी. उजेड भरपूर, पण एप्रिलपासून छत तापतं आणि रात्रीसुद्धा उष्णता सोडत राहतं. अशा घरात कुंडी उंच फळीवर किंवा छताजवळच्या हुकाला ठेवू नका. उन्हाळ्यात जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात थंड असते.

उजेड कमी पडतोय हे वेल स्वतः सांगते. दोन पानांमधलं अंतर वाढतं, पानं लहान येतात आणि शेंडा खिडकीकडे वळतो.

माती: वावरातली काळी नको

आपली काळी माती कपाशीला सोनं आहे. कुंडीत मात्र ती या वेलीचा गळा धरते. ओली झाली की फुगते, चिकट होते, आठ-आठ दिवस वाळत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न शिवता त्या भेगेतून खाली निघून जातं. जंगलात या वेलीची बरीचशी मुळं झाडाच्या सालीला धरून, पालापाचोळ्यात असतात. त्यांना ओलही लागते आणि हवाही.

मी एका घमेल्याच्या मापानं असं मिश्रण करते: २ भाग कोकोपीट, १ भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, १ भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे किंवा नदीची भरड वाळू, आणि १ भाग अर्धवट जळलेलं धानाचं तूस किंवा चुलीतल्या विझलेल्या कोळशाचे बारीक तुकडे. भंडारा, गोंदियाकडे तूस राइस मिलवर मिळतं. आमच्याकडे ते मिळत नाही, म्हणून मी कोळसा वापरते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी एकदा पिळून फेकून द्या, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, ते मुळं जाळतं आणि उधईही (वाळवी) बोलावतं.

कुंडी मातीची घ्या. कुंभाराकडची, न रंगवलेली, बुडाला छिद्र असलेली. माठातलं पाणी ज्या कारणानं थंड होतं, त्याच कारणानं मातीच्या कुंडीतली मुळं मे महिन्यात थंड राहतात आणि झडीत जादा ओल भिंतीतून निघून जाते. तेलाचा पत्र्याचा डबा उन्हाळ्यात तापतो, तो नकोच. नर्सरीतल्या लहान रोपाला ६ इंचाची कुंडी पुरते, काठी लावायची असेल तर ८ इंचाची. त्याहून मोठी घेण्याचा मोह टाळा, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि सड तिथून सुरू होते.

लावणीचा काळ मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून पोळ्यापर्यंत. एप्रिल-मेमध्ये नर्सरीतून वेल आणलीत तर कुंडी बदलू नका, तशीच सावलीत सांभाळा आणि जुलैत बदला.

काठी: वेलीला चढू द्या

बहुतेक लोक ही वेल टांगतात. टांगलेली वेलही जगते, पण तिची पानं लहान राहतात आणि खोडाचा वरचा भाग हळूहळू उघडा पडतो. चढायला ओलसर, खरखरीत आधार मिळाला की पेरापेरातून निघालेली हवेतली मुळं त्याला धरतात आणि प्रत्येक पान मागच्यापेक्षा मोठं येऊ लागतं. माझ्याकडे एकाच वेलीचे दोन तुकडे आहेत. टांगलेल्याची पानं तळहाताएवढीही नाहीत, काठीवरच्याची चौथ्या वर्षी पूर्ण पंजा झाकतील एवढी झाली. खत दोघांना सारखंच.

बाजारातली तयार मॉसस्टिक बरेचदा नावापुरती असते: पाइपावर काथ्याचा एक पातळ थर. पाणी शिंपडलं की अर्ध्या तासात कोरडी. घरी केलेली बरी.

तीन फूट बांबू घ्या, किंवा दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. वावरात उरलेले असतातच. पाइपला चार-चार बोटांवर छिद्रं पाडा. नारळाच्या शेंड्या जमवून ठेवा, घरातल्या पूजेच्या आणि शेजारपाजारच्याही. त्या रात्रभर भिजवा, कुटून मोकळ्या करा आणि काठीभोवती दोन बोटं जाड थर द्या. बांधायला सुतळी वापरू नका. ओलसर राहून ती एका पावसाळ्यात कुजते आणि भरल्या वेलीनिशी थर खाली घसरतो. माझ्याकडे घसरला होता आणि वेलीची सगळी धरलेली मुळं तुटली. नायलॉनची बारीक दोरी घ्या. खालचा सहा-सात इंच भाग मोकळा ठेवा, तो मातीत जाणार आहे.

पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं, आधाराला फुकट मिळते म्हणून लोक खोचतात. ती ओल्या मातीत लवकर कुजते आणि उधई घरात आणते. सागाची सालीसकट जाड फांदी मात्र चांगली, तिचा खरखरीतपणा मुळांना धरायला सोपा जातो.

काठी कुंडी भरतानाच उभी करा. नंतर खुपसली तर मुळं तुटतात. बुडाला छिद्रावर खापराचा तुकडा, त्यावर थोडं मिश्रण, मग कुंडीच्या मध्यापासून जरा मागे काठी टेकवून दोन दगडांनी पक्की करा. काठीसमोर वेल ठेवा आणि उरलेलं मिश्रण भरा, काठापासून दोन बोटं खाली. माती दाबून घट्ट करू नका, कुंडी दोन-तीनदा आपटली की पुरे.

आता वेलीचं खोड नीट पाहा. एका बाजूनं हवेतल्या मुळांचे टोकदार कोंब दिसतील. ती बाजू काठीकडे करा. जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या फाडून खोड पेराजवळ बांधा, पानाचा देठ कधीच बांधू नका. गाठ आठच्या आकड्यासारखी, सैल, करंगळी आत जाईल अशी. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत मुळं काथ्याला धरतात, मग चिंध्या सोडून टाका.

हे सगळं काठी ओली राहिली तरच. कोरड्या काठीला मूळ धरत नाही, टोकाशी सुकून जातं. मी एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं बारीक छिद्र पाडते, बुड कापते आणि ती काठीच्या टोकाला उलटी बांधते. दोन दिवसांतून एकदा भरली की थेंबथेंब पाणी काथ्यातून झिरपत खाली येतं. संत्र्याच्या बागेतलं ठिबक ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. काठीतून उतरलेलं पाणी मातीतच जातं हे मात्र विसरू नका, तेवढं कुंडीचं पाणी कमी करा.

भिंतीवर वेल चढवावी का, असं खूपजण विचारतात. रंगवलेल्या भिंतीचा रंग ती ओढताना निघतो आणि मातीच्या भिंतीत ओल धरून मुंग्या-उधई येतात. मी चढवत नाही.

पाणी

वाराप्रमाणे पाणी देऊ नका. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर द्या. दिलंत की पूर्ण द्या, खालच्या छिद्रातून गळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज पेलाभर देणं सगळ्यात वाईट. त्यानं वर चिखल राहतो आणि खालची मुळं तहानलेली राहतात.

अंदाज हवा असेल तर माझ्या घरचा असा: नवतप्यात दर दोन-तीन दिवसांनी, झडीत आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनीही, आणि पौषात आठ-दहा दिवसांनी. तुमच्या घराचा उजेड आणि कुंडी वेगळी, म्हणून बोटावर विश्वास ठेवा.

पान लुळं पडलं की लगेच तांब्या उचलू नका. माती कोरडी आणि पान लुळं, तर तहान आहे. पाणी द्या, संध्याकाळपर्यंत उभं राहतं. माती ओली आणि पान लुळं, तर मुळं सडताहेत. तेव्हा आणखी पाणी म्हणजे मरण. वेल कुंडीतून काढा, काळी मुळं कात्रीनं कापा, पांढरी-पिवळसर घट्ट मुळं ठेवा, कोरडसर नव्या मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. चांगली मुळं उरलीच नसतील तर वेलीचे तुकडे करून पाण्यात ठेवा. खोड हिरवं असेपर्यंत आशा असते.

आता पाणी कोणतं. आपल्या बोअरचं पाणी जड. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा तर सगळ्यांना माहीत आहे. क्षार मातीत साचले की पानांची टोकं तपकिरी होतात आणि कुंडीवर बाहेरून पांढरी पूड चढते. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये धरा. पहिल्या एक-दोन पावसांचं, धूळ घेऊन आलेलं, जाऊ द्या. ड्रमवर कापड घट्ट बांधा, नाहीतर डास होतात. हे पाणी दिवाळीपर्यंत पुरलं तरी वेल वेगळी दिसते. ते नसेल तर बोअरचंच द्या, पण पावसाळ्यात दोन-तीन वेळा कुंडी अंगणात ठेवून पावसाच्या पाण्यानं चांगली धुऊन निघू द्या, मग आत घ्या.

तीन पाणी कुंडीत कधीच घालू नका. कूलरच्या टाकीत उरलेलं: पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून ते मूळच्या पाण्यापेक्षाही खारट झालेलं असतं. आरओ मशीनमधून फेकलं जाणारं, त्याच कारणानं. आणि मे महिन्याच्या दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतून आलेलं, जे हाताला चटका देतं. माझ्या दोन वेली त्या टाकीच्या पाण्यानं गेल्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर, रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी द्या.

उन्हाळा, झड, थंडी

या वेलीला १८ ते २७ अंश सगळ्यात मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास येतो. एप्रिल-मे या दोन महिन्यांत वाढीची अपेक्षा सोडा, वेल फक्त जगवायची आहे. खत बंद, छाटणी बंद, कुंडी बदलणं बंद. कुंड्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत एकत्र ठेवा, शक्यतो पाण्याच्या रांजणाशेजारी. पानांवर पाणी फवारल्यानं ओलावा काही मिनिटंच टिकतो. दिवसभराचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा काठी ओली ठेवणं आणि खिडकीला वाळ्याचा किंवा तागाच्या पोत्याचा ओला पडदा लावणं जास्त कामाचं.

कूलरची खोली चांगली, पण झोतात नको. सात-आठ फूट दूर, बाजूला. झोतासोबत उडणाऱ्या तुषारांतले क्षार पानावर पांढरे ठिपके करतात, आणि दिवसभर हलत राहिलेल्या वेलीची मुळं काठी सोडतात.

झडीत उलटं. पाणी जवळपास बंद, खिडकी उघडी, कुंड्या एकमेकींपासून लांब. सकाळी पानांच्या टोकाला पाण्याचे थेंब लोंबलेले दिसतील. तो रोग नाही, मुळांनी ओढलेलं जादा पाणी वेल टोकातून बाहेर टाकते.

पौष-माघात रात्री पारा १० अंशांच्या खाली येतो तेव्हा कुंडी खिडकीपासून आत घ्या. पाणी दुपारी द्या. थंडीत बोअरचं पाणी कोमट येतं, ते ताजंच दिलेलं बरं.

खत आणि कीड

खत थोडकं. जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च, महिन्यातून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य खत १ लिटर पाण्यात १ ग्रॅम. नसेल तर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत. युरिया चिमूटभरही नको.

पिठ्या ढेकूण कपाशीवर पाहिलाय, तोच प्रकार इथे पानाच्या बगलेत कापसासारखा दिसतो. ओल्या फडक्यानं पुसून काढा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून १ लिटर करा, त्यात थोडं साबणाचं पाणी घाला. आठ दिवसांनी पुन्हा. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि वरून फिकट ठिपके दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुतली की ती बरीच हटते. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पानं पुसाच, वावटळीची धूळही जाते. पानांना खोबरेल तेल लावू नका.

वावरातलं उरलेलं औषध घरातल्या वेलीवर मारू नका. थेंबभर असलं तरी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेही उघड्या रानात. बंद खोलीत, जिथे मुलं झोपतात, तिथे ते विष नेण्याइतकी कुठलीच वेल मोलाची नाही.

शेंडा वर पोचला की

तिसऱ्या-चौथ्या वर्षी वेल काठीच्या टोकाला जाते. तेव्हा जुलैत वरचा दीड फूट कापा, पेराच्या बोटभर खाली. प्रत्येक तुकड्यावर निदान दोन पेरं हवीत, कारण मूळ पेरातूनच फुटतं, उसासारखं. नुसतं पान आणि देठ पाण्यात ठेवलं तर हिरवं राहील, वेल कधीच होणार नाही. खालचं पान काढा, ते पेर पाण्यात बुडेल असं बाटलीत ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. ती दोन-तीन इंचांची झाली की लावा, त्याहून लांब होऊ दिली तर मातीत रुळायला वेळ घेतात. पहिले दहा-बारा दिवस माती जरा ओलसरच ठेवा, कारण ती मुळं पाण्यात वाढलेली असतात.

हे तुकडे त्याच कुंडीत, काठीच्या पायथ्याशी लावा. खाली उघडं पडलेलं खोड त्यांनी झाकलं जातं, आणि वर कापलेल्या जागेच्या खालच्या डोळ्यातून महिनाभरात नवा कोंब निघतो. त्याला लगेच काठीकडे वळवून चिंधी बांधा, कोवळा असतानाच तो वाकतो.